आई आधी जाते

इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर तलावाकाठी, पक्षी बघायच्या लपणात दुर्बिणीतून बघत होते. समोर मँटन बेच्या घरट्यात ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्याचं पिल्लू माशासाठी नुसतं ओरडत होतं.

"आई कुठंय याची?"

"गेली, आफ्रिकेला," स्वयंसेवक आजोबा शांतपणे म्हणाले.

ऑगस्टात मादी बहुतेकदा आधी निघते. बाप मागे राहून मासे पुरवतो. मग पिल्लंही एकेकटी निघतात, थेट सेनेगल-गाम्बियाकडे. वाट दाखवायला कुणी नाही! (आम्ही लेकीला लेस्टर स्टेशनवर सोडतानाही तीनदा सूचना देतो.)

१९९६ मध्ये स्कॉटलंडहून पिल्लं आणून इथे सोडायला सुरुवात झाली. इथलं पहिलं पिल्लू जन्मलं २००१ मध्ये.

परतताना लेक मागे हेडफोन लावून बसलेली. पुढच्या महिन्यात तिची युनिव्हर्सिटी.

ते ओरडणं अजून कानात आहे. आई गेली, हे त्याला कळलं असेल का?