कोकाच्या शीटवरचं नाव दुरुस्त करताना

जुन्या हर्बेरियम शीटवर, म्हणजे वाळवलेली वनस्पती चिकटवलेल्या कागदावर, ‘एरिथ्रॉक्सिलॉन कोका’ असं लिहिलं होतं. कोका म्हणजे कोकेन ज्याच्या पानांतून मिळतं ते झुडूप. स्थळ होतं सिलोनमधली एक बाग, आणि तारीख नव्हती. नाव तपासून नवी चिठ्ठी लावायची होती.

आधी स्पेलिंग पाहिलं. पॅट्रिक ब्राउन यांनी १७५६ मध्ये ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) नोंदवली ती ‘एरिथ्रॉक्सिलम’ म्हणून. मूळ ग्रीक शब्द लाल आणि लाकूड या अर्थाचे. ‘लॉन’ हे शेपूट नंतरचं. आपल्या १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात मात्र तेच आहे, आणि तिथल्या व्याख्येत या प्रजातीतली प्रत्येक जाती कोका वनस्पती ठरते. दक्षिण भारतातल्या कोरड्या जंगलांत आपोआप वाढणारी ‘मोनोगायनम’सुद्धा त्यात आली!

मग जाती (स्पीशीज), म्हणजे नावातला दुसरा शब्द. लामार्क यांनी १७८६ मध्ये ‘कोका’ हे नाव दिलं ते झोझेफ द जुसिय यांनी दक्षिण अमेरिकेतून पाठवलेल्या नमुन्यांवरून. पण लंडनमधल्या क्यू वनस्पती उद्यानातून ब्रिटिश वसाहतींत पसरलेलं झाड कोलंबियाकडचं होतं. त्याला मॉरिस यांनी १८८९ मध्ये ‘कोका’चाच एक प्रकार (व्हरायटी, जातीखालचा गट) मानलं, नि हिएरोनिमस यांनी १८९५ मध्ये ‘नोव्होग्रॅनाटेन्स’ ही वेगळी जाती केली. म्हणून वसाहतीतल्या बागेचा नमुना हातात आला की मला लगेच शंका येते.

रंगावर विसंबू नये. ताजी फिकट हिरवी पानंसुद्धा वाळून तपकिरी होतात. पानाखाली मुख्य शिरेच्या दोन्ही बाजूंना धावणाऱ्या दोन रेघा प्रसिद्ध आहेत, पण त्या कळीत पान गुंडाळलेलं असल्याने उमटतात आणि इतर जातींतही दिसू शकतात. मी भिंगाखाली पानांची टोकं पाहिली. मोडकी सोडली. उरलेली बहुतेक गोलसर, पान पातळ, तळाकडे निमुळतं. ‘कोका’चं पान जाड आणि टोकाला अणकुचीदार असतं. ‘इपाडू’ हा ‘कोका’चा अ‍ॅमेझॉनमधला प्रकारही बोथट टोकाचा असतो, तेव्हा सिलोन ही स्थळाची नोंद इथे कामी आली.

फूल तपासायला पाकिटातलं सुटलेलं एकच घेतलं. शीटवरचं तोडू नये. गरम पाण्यात भिजवून मऊ झाल्यावर उघडलं: पाच पाकळ्या, प्रत्येकीच्या आत एक छोटी जीभ, दहा पुंकेसर बुडाशी जुळलेले, तीन कुक्षीवृंत (अंडाशयावरचे दांडे). यावरून प्रजाती पक्की होते, जाती नाही.

चिठ्ठीवर लिहिलं: ‘एरिथ्रॉक्सिलम नोव्होग्रॅनाटेन्स (डी. मॉरिस) हिएरॉन. प्रकार नोव्होग्रॅनाटेन्स’. ‘हिएरॉन.’ म्हणजे हिएरोनिमस. जातीचंच नाव पुन्हा घेणाऱ्या प्रकारापुढे नाव देणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत; ते लिहिण्याची चूक फार होते. कंसात असतो तो हे नाव आधी प्रकार म्हणून देणारा; तो मॉरिस गाळला तर नावाचा उगमच हरवतो. खाली माझं नाव, तारीख, न पुसणारी शाई. जुनी चिठ्ठी तशीच ठेवली. ती काढली, तर पुढच्या माणसाला आधीची ओळख कशी कळणार?