पीएफ ट्रस्ट, अ‍ॅनेक्शर के आणि माझी गायब झालेली नऊ वर्षं

पेन्शन चालू झाली एकदाची, पण जुन्या कंपनीच्या पीएफ ट्रस्टचं नाव काढलं की अजून डोकं फिरतं, म्हणून लिहून टाकतोय.

ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, पीएफची रक्कम हे सगळं सुरळीत मिळालं (ग्रॅच्युइटी कायद्याने 30 दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याज मागायचं, संकोच करायचा नाही). गाडी अडली ती पेन्शनवर. माझी पहिली नोकरी 1998 ते 2007, तिथे पीएफ कंपनीच्या स्वतःच्या ट्रस्टकडे. दुसरी नोकरी थेट रिटायरमेंटपर्यंत, तिथे नेहमीचं पीएफ ऑफिस. फॉर्म 13 भरून पैसे तेव्हाच ट्रान्सफर केलेले, वार्षिक स्लिपमध्ये जमा झालेले पण दिसले होते. आणि आता 10-डी (पेन्शनचा अर्ज) भरायच्या आधी पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी बघतो तर पहिली नऊ वर्षं नाहीतच! पैसे आले, वर्षं मागेच राहिली.

तर भानगड अशी असते की ट्रस्ट फक्त पीएफ सांभाळतो, मालकाच्या हिश्श्यातले पगाराच्या 8.33 टक्के तेव्हाही सरकारी पेन्शन फंडातच जात होते, पण तुम्ही कधी लागलात, कधी सोडलंत, मध्ये बिनपगारी दिवस किती, हे ट्रस्टने अ‍ॅनेक्शर के नावाच्या कागदावर कळवायचं असतं. तो कागद नाही तर ती सर्व्हिस नाही. आणि फरक थोडाथोडका नाही, कारण पेन्शन म्हणजे सरासरी पगार गुणिले वर्षं भागिले 70, वर 20 वर्षं भरली तर 2 वर्षं बोनस. माझी त्या नऊशिवाय अठराच होत होती, म्हणजे बोनस पण गेला.

मग सुरू झाला ट्रस्टचा खेळ. फोन केला की ते काम बघणारे साहेब रजेवर, मेल केला की उत्तरच नाही, शेवटी समोर जाऊन बसलो तर तिथला मुलगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणतो, "सर, तुमचं सेटलमेंट तर 2007 लाच झालंय, आता काय राहिलं?" त्याला 8.33 टक्के समजावण्यात अर्धा दिवस गेला, खरंच.

बरं, कागद आला एकदाचा, तर त्यात नोकरी सोडल्याची तारीख म्हणून पैसे ट्रान्सफर झाल्याची तारीख टाकलेली! म्हणजे कागदावर मी काही महिने एकाच वेळी दोन कंपन्यांत कामाला, सर्व्हिस ओव्हरलॅप, क्लेम परत. बिनपगारी दिवसांचा रकाना तर कोराच. तिथे मात्र माझी सटकली. जुनं रिलीव्हिंग लेटर, गोल शिक्क्यासकट, जपून ठेवलं होतं (बायको दर दिवाळीला म्हणायची टाकून द्या ती फाईल), ते स्कॅन करून ईपीएफआयजीएमएस या पीएफ खात्याच्या तक्रार पोर्टलवर ट्रस्टच्या विरोधात तक्रार टाकली. असे ट्रस्ट पीएफ खात्याच्या देखरेखीखालीच चालतात, त्यामुळे तिथून विचारणा झाली की बरोबर हलतात. दुरुस्त कागद आला, त्यात शून्य पण लिहिलेला. कोरा रकाना चालत नाही, बिनपगारी दिवस नसतील तर शून्यच पाहिजे, हे आधी सांगायला पाहिजे होतं मी.

पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आला त्यात दोन्ही सर्व्हिस धरलेल्या आहेत, बोनस धरून, आणि वयाची 58 पूर्ण झाल्यापासूनची थकबाकी एकदम जमा. तो मेसेज मी घरात तीनदा वाचून दाखवला.

ज्यांची आधीची नोकरी ट्रस्टवाल्या कंपनीत होती त्यांनी सर्व्हिस हिस्टरी नोकरीत असतानाच बघा, तेव्हा एचआर तुमच्या बाजूने मेल तरी करतं. 10-डी ला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, तो काढून ठेवा.

आणि हो, ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपतो, त्यामुळे रिटायर व्हायच्या दोन-तीन महिने आधीच त्याच इन्शुरन्स कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा, म्हणजे शुगर-बीपीसाठीचा वेटिंग पिरियड (त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ) पुन्हा पहिल्यापासून मोजत नाहीत, ग्रुपमध्ये काढलेली वर्षं धरतात. ती धरली आहेत का ते पॉलिसीवर छापून आलेलं बघूनच घ्या, फोनवरच्या "हो सर"वर जाऊ नका.