बाई, मी आणि चिखलाचे पाय

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचं पत्र आलं, ‘पाऊलखुणा’ सदरासाठी चार ओळी लिहा म्हणून. ते नाव वाचलं आणि बाई आठवल्या. बाई म्हणजे कोण, हे आपल्या शाळेत कुणाला सांगायला नको. ‘खुणाच का? ठसे का नाहीत?’ असं त्यांनी संपादकांना पहिल्यांदा विचारलं असतं.

१९७९ चा श्रावण. आमची सातवी ब. गावभागातून धावत, उशिरा पोचलो. पंचगंगाकाठची काळी माती घोट्यापर्यंत, आणि व्हरांड्याची शहाबादी फरशी नुकतीच पुसलेली. दारात उभा राहून छडीसाठी हात पुढं केला. बाईंनी हाताकडं पाहिलंच नाही. अख्खा वर्ग बाहेर बोलावला आणि माझ्या पायांनी केलेल्या घाणीकडं बोट दाखवलं.

“याला काय काय म्हणाल?”

पावलं, ठसे, खुणा, कुणीतरी ‘चिखल’ म्हणालं.

“गौरीच्या दिवशी आई दारापासून काढते ते?”

“पावलं!”

“ठसे का नाही?”

सगळे गप्प. “ठसे वाघाचे,” बाई म्हणाल्या, “गौर पावलांनी येते. आणि चोराचा?” पुन्हा गप्प. “चोराचा माग.”

“बाई, आमच्या घरात दोन हायेत!” मी ओरडलो.

अर्धा वर्ग लोळला. इचलकरंजीच्या पोराला माग म्हणजे खडखडणारा माग, दुसरा कुठला? बाई हसल्या नाहीत. फळ्यावर दोनदा ‘माग’ लिहिलं. एकाखाली ‘कापड’. दुसऱ्याखाली ‘मार्ग’ आणि त्याखाली ‘मृग’: शिकारी हरणामागं गेला, ती वाट म्हणजे मार्ग, त्याचाच झाला माग. मग खिडकीतून मैदानात गाईच्या खुरात साचलेलं पाणी दाखवलं, “हे गोष्पद.” पाऊल उमटतं, ठसा उठतो, माग लागतो, पायंडा पडतो, हेही तेव्हाच. तास संपला. वाटलं, सुटलो.

“शब्द झाले. आता फडकं घे.”

बाकी शिक्षकांबद्दलही लिहायला हवं होतं, पण जागा संपत आली. गणिताच्या सरांनी रागावू नये.

आज माझ्या कारखान्यात चोवीस शटललेस माग आहेत. बढाई म्हणून सांगत नाही (थोडी आहेच). नवा माग बसला की त्याच्यावर खडूनं नंबर मी स्वतः घालतो, आणि ‘माग’ लिहिताना अजून फळ्याचा तो उजवा कोपरा दिसतो.

निमंत्रण द्यायला समितीची मंडळी आली, तेव्हा त्यांच्याबरोबर शाळेत जाऊन आलो. शहाबादी गेली, चकचकीत टाइल्स आल्या. पोरं बूट घालून येतात. बाहेर पाऊस होता, मी मुद्दाम चप्पल काढून चार पावलं चाललो. मागं वळून पाहतोय तोवर मावशी पोछा घेऊन हजर.

“राहू द्या, मी पुसतो,” म्हटलं. त्यांना काही कळलं नाही.