सिंकखालचं प्लाय

पुण्यात स्वतःचं इंटिरियरचं काम सुरू करून मला आठ वर्षं झाली. लोक विचारतात की काम वाढवायचं कसं, तर मला त्यावर सिंकखालच्या एका कपाटाबद्दलच सांगावंसं वाटतं.

तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एकदम सात साइट्स होत्या, वाकड, बाणेर, हडपसर, सगळ्यांना दसऱ्याला नाहीतर दिवाळीच्या आधी ताबा हवा होता आणि मी सगळ्यांना हो म्हणून बसले होते. अ‍ॅडव्हान्स येत होते, खातं भरलेलं दिसायचं, त्यामुळे वाटायचं धंदा जोरात चाललाय. पण खरं तर याची टोपी त्याला चालू होतं, बाणेरच्या पैशातून हडपसरच्या मिस्त्रींची हजेरी, हडपसरच्या पैशातून वाकडचं सनमायका, आणि त्या पैशातला 18 टक्के जीएसटी तर आपला नाहीच हे मला भरायची तारीख आली की आठवायचं.

त्यात वाकडच्या किचनच्या वेळी हात पूर्ण रिकामा झाला. ट्रॉल्यांसाठी आयएस 710 मार्कचं, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या भारतीय मानकाचं, मरीन प्लाय ठरलं होतं, पण दुकानदार आधीचं बिल चुकतं केल्याशिवाय माल सोडेना, म्हणून सिंकखाली मी साधं कमर्शियल प्लाय लावून घेतलं. वरून लॅमिनेट बसलं की कुणाला कळतंय. 710 चं प्लाय 72 तास उकळत्या पाण्याच्या टेस्टमधून गेलेलं असतं, कमर्शियल ओलाव्यापुरतं ठीक, सतत पाणी लागलं की संपलं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

पुढचा पावसाळा सरला आणि वाकडच्या त्या घरच्या काकूंचा फोन आला, "अगं, जरा येऊन जातेस का". गेले. दार पूर्ण बंद होईना, खालची कड फुगलेली, लॅमिनेट सुटलेलं, बोट लावलं तर प्लायचे थर पापुद्र्यासारखे हातात आले. काकू एक शब्द रागावल्या नाहीत, चहा टाकला, आणि त्यानेच मला जास्त लागलं. मी त्यांना खरं सांगितलं आणि अख्खं कपाट स्वखर्चाने नवीन करून दिलं.

त्यानंतर प्रत्येक साइटचं खातं वेगळं. 40 टक्के अ‍ॅडव्हान्स घेते, तो त्याच साइटच्या मालाला जातो, पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यावर, आणि प्लायचं बिल क्लायंटला दाखवते, शीटवरचा मार्कही सनमायका चढायच्या आधी दाखवते. दुकानातून मिळणारं कमिशन घेणं बंद केलं, त्याऐवजी माझी डिझाइन फी स्पष्ट लिहिते, सुरुवातीला दोन-तीन कामं त्यामुळे गेली पण जी राहिली त्यांनी पैशावरून कधी कटकट केली नाही. आणि एका वेळी तीनच साइट्स, कारण माझ्याकडे मनापासून काम करणारे मिस्त्री दोनच आहेत, तिसऱ्या साइटवर मी स्वतः दिवसभर उभी राहू शकते, चौथीवर नाही.

यंदाही दसऱ्यासाठी दोन फोन आले, दोघांनाही नाही म्हटलं. एकांनी दुसरीकडे काम दिलं. दुसरे गुढीपाडव्यापर्यंत थांबतो म्हणाले, त्यांना माझा नंबर वाकडच्या काकूंनी दिलाय.