‘डिटेक्टेड’ आणि पुढचे अकरा दिवस

या गोष्टीला सव्वा वर्ष झालं. पुढचा रिपोर्टही नीट आला. तरी रिपोर्ट देणाऱ्या त्या खिडकीचा राग काही जात नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

तपासणी एचपीव्हीची, म्हणजे ज्याच्यामुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो त्या विषाणूची. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वय ४६, तक्रार शून्य. डॉक्टर म्हणाल्या, तिशीनंतर एकदा तरी व्हायला हवी होती, आता करून टाकू. आडवं व्हायचं, एक छोटा ब्रश गर्भाशयाच्या तोंडावरून फिरवतात, पाच मिनिटांत कपडे सावरून बाहेर. पॅप, म्हणजे तिथल्या पेशींत बिघाड आहे का ते पाहणारी तपासणी, तीही त्याच नमुन्यातून झाली. अवघडल्यासारखं होतं, बस.

रिपोर्ट खिडकीवर मिळणार होता. शुक्रवारी दुपारी गेले, तिथल्या मुलीने सही घेतली, पाकीट दिलं. मी उभ्या उभ्याच फोडलं. तीन ओळी. एचपीव्ही १६: नॉट डिटेक्टेड. एचपीव्ही १८: नॉट डिटेक्टेड. तिसरी ओळ ‘अदर हाय रिस्क टाइप्स’, आणि तिच्यासमोर ठळक ठशात: डिटेक्टेड.

“म्हणजे काय?” मी विचारलं. तिने कागद पाहिला, मग मला पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाली, “ते मॅडमच सांगतील.” आणि मॅडम? रजेवर. येत्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी.

आतापर्यंत तीच मुलगी शुगर-थायरॉइडचे रिपोर्ट मोठमोठ्याने नाव पुकारून देत होती. माझ्याच वेळी आवाज खाली का आला? घरी येईपर्यंत त्या एका गोष्टीने मला जितकं घाबरवलं तितकं त्या ठळक अक्षरांनीही नाही. काहीतरी लाजिरवाणं आहे, हे मला कागदावरून कळलं नाही, तिच्या आवाजावरून कळलं.

पहिल्या दोन रात्री मी ‘हाय रिस्क’ म्हणजे मलाच धोका मोठा, असं धरून काढल्या. मग वाचत गेले तेव्हा उलगडलं की ते विषाणूच्या गटाचं नाव आहे, माझ्या तब्येतीचा निकाल नव्हे. एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. त्यातल्या ज्या डझनभर प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो त्यांना हाय रिस्क म्हणतात. त्यातही १६ आणि १८ हे दोनच साधारण ७० टक्के कॅन्सरच्या मुळाशी असतात, म्हणून त्यांच्या ओळी वेगळ्या आणि बाकी सगळे एका मोटेत. माझा कुठला, हे त्या चाचणीत कळतच नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, मीही नाही. पण हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, त्यामुळे त्या आठवड्यात जेवायला बसलो की दोघांच्याही डोक्यात एकच प्रश्न असायचा: कुणाकडून? वीस वर्षांच्या संसाराचा हिशेब मी मनातल्या मनात तीनदा मांडला. त्याने किती वेळा मांडला, त्यालाच ठाऊक.

शेवटी मंगळवार उजाडला. मॅडमचं बोलणं सात मिनिटांचं. पॅप नॉर्मल आहे, १६-१८ नाही, तेव्हा आत्ता काही करायचं नाही, बारा महिन्यांनी या. १६ किंवा १८ असता तर थेट कोल्पोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयाचं तोंड तपासायला, पाठवलं असतं. औषध? विषाणूवर औषधच नाही, शरीर आपणहून त्याला आवरतं, दहापैकी नऊ जणींचं दोनेक वर्षांत. आणि कुणाकडून, ते कुणालाही सांगता येणार नाही. वर्षानुवर्षं दबून राहून उतारवयाकडे झुकताना पुन्हा दिसू शकतो.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अकरा दिवस आधी हवं होतं. पेशींत काहीच बिघाड नसलेल्या दहा लाखांवर बायकांच्या तपासण्या एकत्र करून २०१० साली जागतिक अंदाज काढला होता: ११.७ टक्के जणींत एचपीव्ही सापडतो. म्हणजे कुठल्याही दिवशी आठ-नऊ जणींमागे एक. सगळ्यात जास्त पंचविशीच्या आतल्या मुलींत, आणि काही भागांत पंचेचाळिशीनंतर पुन्हा थोडा चढ. आयुष्यात कधी ना कधी तर लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांनाच होतो. हे एक वाक्य रिपोर्टच्या तळाशी छापायला कितीशी शाई लागते? संदर्भमूल्यं छापतात, यंत्राचं नाव छापतात, हे नाही.

सौम्य आहे म्हणून सोडून द्या, असं मी म्हणत नाहीये. २०२२ साली जगभरात सुमारे ६ लाख ६० हजार बायकांना हा कॅन्सर झाला, साडेतीन लाख गेल्या. पण जंतुसंसर्गापासून तिथवर जायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात (प्रतिकारशक्ती कमी असेल तर लवकर), आणि मधल्या काळात सापडलं तर थांबवता येतं. धोका ठाण मांडून बसलेल्या विषाणूचा, आलेल्या प्रत्येकाचा नव्हे.

वर्षभराने परत गेले. तिन्ही ओळींत नॉट. गेला की दबून बसला, हे चाचणीला कळत नाही, म्हणून पुढची तारीख आहेच. या वेळी मात्र नमुना देतानाच डॉक्टरांची वेळ रिपोर्टच्याच दिवसाची मागून घेतली होती. तुम्हीही घ्या, आणि शुक्रवारी दुपारी रिपोर्ट आणायला जाऊ नका.

हो, एक राहिलंच. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, आणि आधीचे दोन दिवस योनीमार्गात क्रीम-गोळी आणि संबंध टाळा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, तारीख नशिबाने जुळली. आणि टेबलावर चढायचीच धास्ती असेल तर स्वतःचा नमुना स्वतः घ्यायची सोय आहे का, ते विचारा. एचपीव्हीच्या चाचणीला तो चालतो, पॅपला नाही.