बावीस हजाराची बंद मारुती

बंद पडलेली जुनी गाडी बघायला गेलं की सगळे आधी बॉनेट उघडतात, मी म्हणतो आधी आतली मॅट उचला. मारुती ८०० चं इंजिन म्हणजे तीन सिलेंडर, ७९६ सीसी, त्यातलं काहीही गेलं तरी पार्ट मिळतो आणि तो बसवणारा माणूसही मिळतो, पण खालचा पत्रा सडला असेल तर डेंटर जो आकडा सांगतो त्यात दुसरी गाडी येते. म्हणून मॅट उचलून फ्लोरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघायचं, दाराखालची पट्टी बघायची, बॅटरीच्या ट्रेखाली बघायचं. कोकणातली गाडी असेल तर दुप्पट बघा, खाऱ्या हवेने पत्रा आतून खाल्लेला असतो आणि वरून लांबी म्हणजे पुट्टी भरून मस्त रंग मारलेला असतो.

माझी २०११ ची, एमएच-११ पासिंग. साताऱ्याची का तर पुण्यात त्या सालची नवीन ८०० मिळायचीच नाही. एप्रिल २०१० पासून पुणे, मुंबई, सोलापूर धरून तेरा शहरांत बीएस-४, म्हणजे धुराचा कडक नियम, लागू झाला आणि कंपनीने ८०० काही त्यात बसवली नाही, त्यामुळे तिथली विक्री बंद आणि बाकी ठिकाणी चालू. ८०० बनवणंच कंपनीने पूर्ण बंद केलं जानेवारी २०१४ ला. तर एका रिटायर्ड काकांच्या अंगणात ही दोन पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती, गरम होऊन बंद पडली होती आणि गॅरेजवाल्याने इंजिन काम सांगितल्यावर काकांनी नादच सोडला. बावीस हजारात ठरली. एम-परिवाहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बघितलं तर चलान एकही नाही, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच! कर्ज कधीच फिटलेलं, पण एचपी, म्हणजे गाडीवरची कर्जाची नोंद, उतरवायची राहिलेली. ती उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, म्हणून आधी काकांना घेऊन बँकेत गेलो, एनओसी आणि फॉर्म ३५ वर सही-शिक्का घेतला, मग गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि मगच पैसे. हा क्रम उलटा केलेले लोक मी वर्षानुवर्षं आरटीओच्या चकरा मारताना बघितलेत.

टो करून घरी आणली तेव्हा बाबा ओट्यावरच होते. "सायकलची चेन तरी बसवलीस का रे कधी?" एवढंच म्हणाले आणि आत गेले.

ऑइलचं झाकण उघडलं तर आतून पांढरट फेस. म्हणजे पाणी ऑइलमध्ये, हेड गॅसकेट गेलं, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. इथे बहुतेक गॅरेजवाले गॅसकेट बदलून गाडी हातात देतात आणि सहा महिन्यांनी तेच पुन्हा, कारण गॅसकेट का उडालं हे कोणी विचारतच नाही. म्हणून हेडला हात लावायच्या आधी रेडिएटर फॅनचा कपलर काढून बॅटरीवरून थेट करंट दिला. फॅन ढिम्म. मोटर उघडली तर आतले कार्बन, म्हणजे मोटरला करंट देणारे ब्रश, घासून पार संपलेले. म्हणजे दहा-वीस रुपयांच्या कार्बनसाठी काकांची गाडी दोन वर्षं अंगणात.

हेड खोलणं अवघड नाही, फक्त इंजिन पूर्ण थंड हवं आणि टायमिंग बेल्ट काढायच्या आधी पुलीच्या खुणा जुळवून मोबाईलवर फोटो काढून ठेवायचे. हेड ॲल्युमिनियमचं, तापलं की वाकतं. स्टीलची पट्टी आडवी ठेवून खालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवलं तर मधे सरळ आत गेलं, मग लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, दिलं. तोपर्यंत नाना पेठेतून गॅसकेट सेट, बेल्ट, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप आणला. पंप चालू होता तरी बदलला, सगळं उघडलंच आहे तर पुन्हा कोण खोलतंय.

बसवताना खरी मजा. ब्लॉकचा वरचा भाग जुन्या गॅसकेटचा कण न कण जाईपर्यंत घासायचा, बोल्टची भोकं साफ करायची, त्यात ऑइल साचलेलं राहिलं तर टॉर्क, म्हणजे बोल्ट किती आवळला ते, खोटा दाखवतो. मग बोल्ट मधल्यापासून बाहेर, एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. टॉर्क रेंच मित्राकडून मागून आणला, तो भोसरीत टूलरूमला आहे आणि रेंच परत मिळेपर्यंत रोज फोन करायचा. नुसत्या अंदाजाने आवळणारे मिस्त्री आहेत आणि त्यांचा हात बसलेला असतो हे मान्य, पण माझा नाही बसलेला.

नवीन ऑइल टाकून थोडा वेळ चालवलं आणि लगेच काढून टाकलं, कारण आत राहिलेला फेस पहिल्या ऑइलबरोबर येतो. मग दुसऱ्यांदा भरलं. कूलंट भरताना रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून वरचा पाइप दाबत राहिलो, बुडबुडे थांबेपर्यंत, नाहीतर हवा अडकते आणि तापमानाचा काटा पुन्हा वर. फॅन आपोआप लागला तेव्हा बाबा बाहेर आले, बॉनेटमध्ये वाकून बघितलं आणि म्हणाले, हॉर्न वाजत नाही हिचा.

टायर दिसायला छान होते, नक्षी पूर्ण, पण साइडवरचा चार आकडी कोड २३१४, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. चारही बदलले. सगळं धरून गाडीच्या किमतीएवढे अजून गेले, हिशोबाची वही बाबांना दाखवलेली नाही.

पंधरा वर्षं पूर्ण झाली की फिटनेस आणि आरसीचं नूतनीकरण, त्याची फी २०२२ पासून ६०० ची ५,००० झालीये आणि पर्यावरण कर वेगळा. त्याआधी डाव्या दाराची काच वर न्यायचीय, ती सध्या लाकडाच्या पाचरीवर उभी आहे. एसी राहू दे. हॉर्न केला.