प्रवासात न्यायचा स्लायसर: माझा अनुभव

घरी विळी आणि चाकू हाताशी असल्यामुळे वेफर्सची किसणी वर्षातून दोनदा बाहेर येते. प्रवासात उलटं होतं. शेगडी एकच, चिरायला सपाट जागा नाही, पाणी बाटलीतलं, आणि चार माणसांची भाजी मांडीवर ताट घेऊन चिरायची. हातात धरून चालवायचा स्लायसर तिथे कामाला येतो. पण दुकानात आपण पात्याची धार बघून तो घेतो आणि पहिल्याच मुक्कामात कळतं, की खरा प्रश्न धुण्याचा आणि शेवटच्या तुकड्याचा आहे.

मी सुरुवात केली दोरी ओढायच्या चॉपरपासून. चारशे मिलीच्या भांड्यात दोन मध्यम कांदे चौकोनी तुकडे करून मावतात, सहा-सात वेळा दोरी ओढली की पोह्यांपुरता बारीक कांदा तयार. पंधरा वेळा ओढली की वाटण. मधली पायरी हातात राहत नाही, आणि पाती कांदा कापतात तेवढाच ठेचतात, त्यामुळे पाणी सुटतं. काकडीच्या कोशिंबिरीचं तर सरबतच होतं. शिवाय झाकणात स्प्रिंग असते, म्हणून ते बुडवून धुता येत नाही. न धुवावं तर दुसऱ्या दिवशी वास येतो. चकत्या तर यातून निघतच नाहीत. मिरची-लसणाच्या ठेच्याला उत्तम, बाकी घरीच बरा.

‘एकात दहा पाती’ वाला डबाही पाहिला. सुटी पाती पिशवीत खुळखुळतात, आणि वापरात येतात दोनच. तो विषय तिथेच संपला.

राहिला सपाट, एका पात्याचा स्लायसर. यात पातं तीन तऱ्हेनं बसवलेलं असतं: आडवं सरळ, तिरकं, आणि इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखं. सरळ पात्यावर भाजी नुसती ढकलली जाते, जोर जास्त लागतो आणि हात सटकतो. तिरक्या पात्यावर ती ढकलता ढकलता सरकत कापली जाते. टोमॅटो फक्त ‘व्ही’ पात्यावर नीट निघतो, पण त्या कोनात साल आणि धागे अडकतात आणि धुवायला पाणी लागतं. प्रवासासाठी मी तिरकं पातं घेतलं आणि टोमॅटो चाकूवर सोडून दिला.

स्टील की सिरॅमिक? क्योसेरासारख्या कंपन्यांचं पांढरं पातं झिरकोनियाचं असतं. गंजत नाही, लिंबू-चिंच त्याला काही करत नाही, कोकणातल्या खाऱ्या हवेत हे सुख आहे. पण ते ठिसूळ असतं. दगडावर पडलं की कडेचा टवका उडतो आणि घरी धार लावता येत नाही. सॅक आदळत-आपटत जाणार असेल तर स्टील बरं. पुसून ठेवताना त्यावर गोडेतेलाचा एक थेंब फिरवायचा, म्हणजे ठिपके पडत नाहीत.

आता जाडी. पाकिटावर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. मुदत संपलेली दोन-तीन एटीएम कार्डं बरोबर न्या. एका कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. पात्याची कड आणि पुढची पट्टी (जिच्यावरून भाजी पात्याकडे सरकते ती) यांच्यातल्या उंचीच्या फरकात तीन कार्डं एकावर एक जेमतेम बसली, तर चकती सव्वादोन मिलिमीटरची. मला हवी होती तीच. मग अंगठ्यानं पट्टी मधोमध दाबून बघा. वाकली तर चकती एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड येणार. पातं स्क्रूनं बसवलेलं असेल तर प्रवासाच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात. दर मुक्कामाला एकदा बघावे लागतात.

सव्वादोन मिलिमीटरचा हट्ट बटाट्याच्या काचऱ्यांसाठी. जाडी दुप्पट झाली की उष्णता मधोमध पोचायला साधारण चौपट वेळ लागतो, आणि गॅसची छोटी बाटली किती पुरेल ते यावरच ठरतं. अर्धा किलो बटाटे चौघांना पुरतात. मोठा असेल तर उभा अर्धा करायचा, कापलेली बाजू पात्याकडे. पाण्यात टाकायची चैन नसते, म्हणून चिकटू नये यासाठी एक युक्ती: फोडणीत घातल्यावर झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं उलथनं लावायचंच नाही. पिठूळपणा आधी शिजू द्यायचा, मग परतायचं. एकसारख्या काचऱ्या सात-आठ मिनिटांत होतात. हातानं चिरलेल्या असल्या की निम्म्या विरघळतात आणि निम्म्या कचकच लागतात.

कोबी चार फोडी करून दांड्याकडून धरायचा, दांडा शेवटपर्यंत कापायचा नाही. कांद्याचंही तसंच: मुळाकडचं बूड ठेवलं की पाकळ्या सुटत नाहीत आणि धरायला मूठ मिळते. कारली, काकडी, मुळा सुरेख. भेंडी अजिबात नाही, पात्यावर तार धरते. वांग्याची साल सटकते, तिथे चाकूच. गाजरानं प्लास्टिकवर रंग चढला तर तेलाच्या बोटानं पुसावा, साबणानं जात नाही.

बोटं कापली जातात ती शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला. बरोबर येणारा पकडायचा चिमटा छोटा आणि निसरडा असतो, तो मी घरी ठेवला. त्याऐवजी तुकड्यात जेवणाचा काटा खुपसायचा. काटा नसेल तर तेवढा तुकडा चाकूनं चिरावा किंवा खाऊन टाकावा. कापविरोधी हातमोजा मिळतो. घ्यायचाच तर ‘ईएन ३८८’ हा युरोपीय मानकाचा छाप बघून घ्या. ओला झाला की दिवसभर वाळत नाही, एवढीच त्याची तक्रार.

ताटात चौपदरी ओला रुमाल ठेवून त्यावर स्लायसरचा पाय टेकवायचा, म्हणजे घसरत नाही. तापलेल्या कढईवर धरून थेट आत चकत्या पाडायचा मोह होतो. वाफेनं प्लास्टिक आणि हात दोन्ही निसरडे होतात. चालत्या गाडीत भेळेसाठी कांदा चिरायचा मोहही आवरा, एक धक्का पुरतो.

धुणं लगेच, अर्ध्या तांब्या पाण्यात. बटाट्याचं सत्त्व वाळलं की खळीसारखं बसतं. जुना टूथब्रश पात्याच्या पाठीकडून धारेच्या दिशेनं फिरवायचा. स्पंज कापला जातो आणि त्याचे धागे पात्यात राहतात. झाकण नसेल तर जाड पुठ्ठा पात्यावर दुमडून दोन रबर लावावेत. वही नेण्याच्या जाड प्लास्टिकच्या पाकिटातही स्लायसर छान बसतो. विमानानं जाणार असाल तर स्लायसर आणि चाकू चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत पातं चालत नाही. आणि पाठीवर ओझं घेऊन रोज पायी चालणार असाल, नर्मदा परिक्रमेत सदावर्ताचा शिधा शिजवणाऱ्यांसारखं, तर स्लायसर नकोच. टोपण असलेला बोटभर पात्याचा चाकू न्या.